दर गुरुवारी गळणारा नळ

बाळंतीण: काका, निघा त्या सिंकखालून. ताई बोलावतायत. सगळ्याजणी प्रार्थनेला बसल्यात.

मिस्त्री: वॉशर गेलाय. असाच सोडला तर स्वयंपाकघरात होड्या चालवाल उद्या.

बाळंतीण: मागच्या गुरुवारी पण वॉशरच गेला होता. त्याच्या मागच्या पण.

मिस्त्री: माल हलका येतो हल्ली.

बाळंतीण: आज चार वाजता मी खिडकीत बाळाला पाजत बसले होते. तुम्ही स्वतःच पान्यानं ढिला केलात नळ.

मिस्त्री: पाजताना बाळाकडे बघावं माणसानं. म्हाताऱ्याचे हात काय बघतेस?

बाळंतीण: ताईंना नाही सांगितलं अजून.

मिस्त्री: उपकार झाले.

बाळंतीण: आज पाळी तुमची आहे ना? एवढंच तर करायचं. देवाकडे मोठ्यानं मागायचं, स्वतःसाठी नाही, दुसऱ्या कुणासाठी. गेल्या वेळी स्वयंपाकाच्या मावशींनी माझे टाके लवकर भरू देत म्हणून मागितलं, सगळ्यांसमोर. मेले मी लाजून.

मिस्त्री: तुमचं बरंय. माझं त्याच्याशी बोलणं नाही.

बाळंतीण: देवाशी भांडलात?

मिस्त्री: भांडायला तोंड लागतं. मी तर चुकवतोय. तो समोरून आला की गल्ली बदलतो.

बाळंतीण: आठ महिने आम्हा टाकलेल्या आयांच्या घरात फुकट राबताय. पाळणे काय, नळ काय. असं केलंय तरी काय तुम्ही?

मिस्त्री: तो पाना दे इकडे.

बाळंतीण: आधी सांगा.

मिस्त्री: माझी पोरगी आली होती दारात. पोट पुढं आलेलं, हातात एक पिशवी. लग्नबिग्न काही नाही. मी आतून कडी घातली. ती तासभर पायरीवर बसून होती, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला. चार वर्षं झाली त्याला.

(बाळ कुरकुरतं. ती त्याला खांद्यावर घेते.)

मिस्त्री: घाल की शिव्या.

बाळंतीण: माझ्या बापानं टीव्ही नव्हता लावला. आत रडत होता. मला बाहेर ऐकू येत होतं. पण दार नाही उघडलं.

मिस्त्री: काय बोलू मी आता तुला?

बाळंतीण: काही नको. ह्याला धरा.

मिस्त्री: अगं, हात ओले आहेत. ग्रीस लागलंय.

बाळंतीण: मग पुसा. मानेखाली हात घ्या. पाना धरल्यासारखं नका धरू.

मिस्त्री: हे तर अगदीच हलकं आहे गं. मी पाळणे ठोकतो ते म्हैस निजेल असे.

बाळंतीण: आता मागा. इथंच. मी ऐकतेय, तेवढं पुरे.

मिस्त्री: हात कसे जोडू? हा आहे ना हातात.

बाळंतीण: नका जोडू.

मिस्त्री: देवा, मी बोलतोय. ओळखलंस तर बघ. ह्या पोरीच्या बापाला दार उघडायची बुद्धी दे. आणि उघडल्यावर बोलायचं काय, ते पण सुचव त्याला. गाडी तिथंच अडते रे.

बाळंतीण: माफीबिफी नको मला त्याची. नुसतं जेवलीस का विचारलं तरी चालेल.

मिस्त्री: एवढंच?

बाळंतीण: एवढंच. तुमच्या पोरीचा नंबर आहे?

मिस्त्री: पाठ आहे.

बाळंतीण: मग लावा. बाळ द्या माझ्याकडे.

मिस्त्री: नको, असू दे त्याला. तू लाव. माझ्या कानाशी धर.

बाळंतीण: सांगा नंबर. हं. हं. वाजतोय बघा.

मिस्त्री: हॅलो. हं, मीच. नाही, तब्येत बरी आहे. ते हे, तुझ्याकडे एखादा नळबिळ गळतो का गं? बरं. बरं. हो.

बाळंतीण: काका, जेवलीस का विचारायचं होतं. नळ काय विचारता?

मिस्त्री: मला तेवढंच येतं.

बाळंतीण: मग? काय म्हणाली?

मिस्त्री: मोरीतला गळतो म्हणाली. खाली बादली ठेवलीय. चार वर्षं झाली.