पांढऱ्या कड्याखालचं भाषण

इकडे परदेशात, स्कारबरोला लेकच्या काठी खडूसारखे पांढरे कडे आहेत ना, त्यांच्या पायथ्याशी पळायचा मार्ग मीच शोधला. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपला बजावलं, "पळायला कुणी गाडी आणायची नाही." सगळे बसने आले. फक्त मूळच्या वसईच्या लीनाआंटी गाडीने आल्या, म्हणून मी त्यांना भर पार्किंगमध्ये प्रदूषणावर भाषण दिलं. मग सगळ्यांच्या पुढे राहायचं म्हणून ओल्या मातीतून जोरात पळालो, घसरलो आणि घोटा मुरगळून घेतला. बस स्टॉप उभ्या चढाच्या टोकाला होता. मी लंगडत निघालो, तेवढ्यात शेजारी गाडी थांबली.

"बसतोस की चालतोस?" आंटींनी विचारलं.

"बसतो."

"मग ते चिखलाचे बूट काढून डिकीत टाक, बाळा. भाषणही तिथेच ठेव. उतरताना दोन्ही आठवणीने घेऊन जा."