घरापुरता आवाज

खुशालराव: नाही वहिनी, हे माह्यानं होनार नाही. आवाज फाटला म्हनून लोकं या दुकानात येतात, अन् मी थो साफ करून देतो. साऱ्या राजापेठेत माह्यं नाव त्याच्यावर चालते. आवाज फाडून द्या म्हननाऱ्या तुमीच पहिल्या.

तारा: फाडून, आणि हळू. दोन्ही पाहिजे. तुम्ही मागे दिलेला सभेचा अँप्लिफायर हळू ठेवला की यांची गिटार अगदी स्वच्छ वाजते, दुधासारखी. सूर घोगरा व्हायचा तर बटण शेवटापर्यंत न्यावं लागतं. मग अर्धं अचलपूर आमच्या दारात येतं.

खुशालराव: गोधडी टाकून पाहा म्हनलं होतं मी.

तारा: टाकली. तोंडात बोळा कोंबलेल्या माणसासारखं वाजलं. यांनीच उठून ती गोधडी काढली.

खुशालराव: महाराज, तुमी तिकडे दाराजवळ बसा जी. मी वायरले डाग देऊन राहिलो, राळेचा धूर होते. तुमच्या गळ्याले तरास होईन.

तारा: फडकं ओलं करून बांधलंय मी. गळ्याच्या छिद्रातून धूर गेला तर ढास लागते, आणि नुसता वारा बाहेर येतो. बघणाराच घाबरतो.

खुशालराव: यायचं कीर्तन ऐकलं हाये मी. परतवाड्याच्या बाजारात. लाऊडस्पीकर माह्याच होता, अन् ऐन वख्ताले बंद पडला. महाराज म्हनले, राहू दे रे, बस खाली. अन् मंग असे उभे झाले, असा आवाज लावला, का पार त्या बैलगाड्याइकडच्या लोकायले बी उठून जवळ यावं लागलं नाही. जागेवरच बसून ऐकलं त्याईनं. अन् हे गिटार कुठून आलं मंग? कीर्तनकाराच्या घरी?

तारा: अकोल्याहून. जुन्या शहरात हेमचंद्र म्हणून आहेत, यांचे मामेभाऊ. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची. आपलं नवीन राज्य झालं त्या उन्हाळ्यात मुंबईला यांचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढूनच टाकलं. परत आणलं तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. भेटायला येणारे गळ्याकडे बघायचे, नाहीतर छताकडे. हेमचंद्र आले, बसले. जाताना गिटार यांच्या मांडीवर ठेवली, हातात कांडी दिली आणि गेले. जन्मभर गाणाऱ्या माणसाला सूर सापडायला काय वेळ लागतो?

खुशालराव: मंग जसा साफ वाजते तसाच वाजू द्या न. गोड वाजत असन.

तारा: गोड वाजतं. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. रमाला चालत नाही.

खुशालराव: रमा कोन?

तारा: आमची मुलगी. किती नवससायासांनी, उशिरा झालेली. आता पाचवं लागलंय. ती बोलायला लागली तेव्हाच यांचा आवाज बसायला लागला होता. घोगरा, मधूनच फाटणारा. तिला वडिलांचा आवाज म्हणून तेवढाच माहीत आहे. लोक म्हणायचे, महाराजांचा आवाज आता पिकला. त्या सालात बिदागी वाढली, खुशालराव. मी आपली रात्री ज्येष्ठमध उगाळून द्यायची. आणि तो दुखण्याचा आवाज होता.

खुशालराव: आता पोट्टी जवळ येत नाही का?

तारा: नाही. गळ्यावरचं फडकं आतबाहेर होताना दिसतं, ते बघून माझ्या मागे लपते. हाक मारत नाहीत, रागवत नाहीत, गोष्ट सांगत नाहीत. परवा शेजारच्या दुर्गाबाईंना म्हणाली, बाबा मुंबईलाच राहिले, हा दुसराच माणूस आईने आणलाय. हे ओसरीवर बसलेले होते. ऐकलं त्यांनी.

खुशालराव: राम राम.

तारा: गणपतीत हेमचंद्रांनी आम्हाला अकोल्याला नेलं. यांना एक चीज वाजवायला बसवलं. लाऊडस्पीकरवाल्याचं काय चुकलं कोण जाणे, आवाज एकदम वाढला आणि फाटला. लोक ओरडायला लागले, बंद करा म्हणून. रमा माझ्या मांडीवर झोपलेली होती. ती उठून बसली. बाबा बोलले, म्हणाली. मी धरायच्या आत गर्दीतून निघाली, एकटी, सरळ मांडवाच्या पुढे. तोवर त्यांनी आवाज उतरवला, सूर स्वच्छ झाला. ती तिथे थोडा वेळ उभी राहिली, आणि परत आली.

खुशालराव: मंग असं करू. मले एक महिना द्या. मी नवा बनवतो. कसा बनन हे आत्ता नाही सांगत, पन पाहतो करून.

तारा: महिना नको.

खुशालराव: काहून?

तारा: डॉक्टरांच्या हाताला यांच्या मानेत परत गाठ लागली आहे. तुम्ही यांच्याकडे बघू नका, यांना माहीत आहे. आमच्या घरात लपवायचं काही उरलेलं नाही.

खुशालराव: महाराज, त्या खोक्याले काहून हात लावून राहिले? थो ठेवा बाजूले. थो बिघडेल हाये.

तारा: ते विचारतायत, काय आहे म्हणून.

खुशालराव: जुना रेडिओ होता. आतलं सामान वापरून एका शाळेसाठी अँप्लिफायर बनवला. एकच वॉल्व्ह, हे काचेची नळी, आवाज वाढवते अन् थे बी लहान. मास्तरनं परत आणून देल्ला. थोडंसं बी वाढवलं का घसा बसल्यासारखा कर्रर्र करते. दमच नाही त्यात. मोठ्या अँप्लिफायरले दमाले वेळ लागते, म्हनून थो हळू असला का साफ वाजते. हा लहान, पहिल्याच पायरीवर दमते अन् फाटते.

तारा: यांना लावून बघायचाय.

खुशालराव: लाज वाटते वहिनी असा माल दाखवाले.

तारा: लावा.

खुशालराव: लावतो. वॉल्व्ह तापू द्या. हं. वाजवा महाराज. हळू ठेवला हाये, या भिंतीच्या पल्याड जानार नाही. आता थोडा वाढवतो. आयकलं? फाटला. एवढ्याशा आवाजात फाटला. अन् दाबून वाजवलं का फाटते, हलक्या हातानं वाजवलं का साफ होते. हे माह्या ध्यानात नव्हतं आलं. वहिनी, कुठं चालल्या?

तारा: पायरीवर उभी राहते.

खुशालराव: पसंत नाही का? महाराज तर मान हलवून राहिले. काय वाजवलं थे, दोनच सूर, वरून खाली?

तारा: हाक मारली. रमे, म्हणून. ओसरीवरून अशीच मारायचे.

खुशालराव: मंग नेमका सापडला न आवाज.

तारा: सापडला. रात्ररात्र मी हाच दुखण्याचा आवाज ऐकत पडायची आणि वाटायचं, ज्येष्ठमधाने उद्या उतरेल. आज सकाळी मोटारीत बसले तेव्हा मनात होतं, तुम्ही नाहीच म्हणाल. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं आत्ताही वाटतंय.

खुशालराव: अजून बी म्हनतो. तुमी सांगा.

तारा: आता ते ऐकणार नाहीत. बांधून द्या.

(पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडी. तेच दुकान. ताराबाई एकट्याच आल्या आहेत.)

खुशालराव: मले समजलं होतं. अचलपूरच्या मोटारीवरचा कंडक्टर बोलला. माह्यं येनं नाही झालं वहिनी.

तारा: संक्रांत झाल्यावर गेले. शेवटी शेवटी हात उचलत नव्हता. कांडी मी धरायची आणि ते बोटाने मला दाखवायचे, कुठवर न्यायची ते.

खुशालराव: खोका बिघडला का? उतरवून ठेवा खाली. जड हाये.

तारा: बिघडला नाही. याचा परत रेडिओ करून द्या.

खुशालराव: रेडिओ? होईन. पन ठेवा न तसाच. महाराजांची आठवन हाये. पोट्टी त्या आवाजाले आली नाही का कधी?

तारा: आली. पहिल्या दिवशी दाराआड उभी राहिली, आत आली नाही. मग रोज संध्याकाळी थोडी थोडी पुढे. उंबऱ्यात, खाटेशी, मग यांच्या पायाशी. यांनी घाई केली नाही. दिवाळीपर्यंत ती त्यांच्याशी बोलायला लागली. ती विचारायची आणि हे तारेवरून उत्तर द्यायचे. हो, नाही, ये, नीज आता. तिला सगळं कळायचं, मला अर्धंही कळायचं नाही. गळ्याचं फडकं तीच ओलं करून द्यायची. छिद्र कशाला आहे विचारलं तर पाहुण्यांना सांगायची, बाबा इथून वारा पितात.

खुशालराव: एवढं बी लय झालं वहिनी. एवढं कोनाले भेटते.

तारा: हो. तेवढं मिळालं.

खुशालराव: मंग रेडिओ काहून?

तारा: ते गेल्यावर घरात कोणी बोलेनासं झालं. माणसं यायची, बसायची, उठून जायची. मी हं म्हणायची, फार तर. भांडी घासायची, दिवा लावायचा, झोपायचं. रमा माझ्या मागून फिरायची आणि काही विचारलं की मला ऐकूच यायचं नाही. एका संध्याकाळी ती या खोक्यासमोर जाऊन बसली. बराच वेळ उठेना. मला वाटलं, तिला हवाय. गिटार मांडीवर घेतली. कांडी धरून धरून ते दोन सूर मला येत होते. खोका तापू दिला आणि हाक वाजवली.

खुशालराव: वहिनी, हे तुमी...

तारा: हुबेहूब आली. ती उठली, जवळ आली आणि तारांवर तळहात ठेवून आवाज बंद केला. म्हणाली, बाबा मेले. तू बोल.

खुशालराव: अन् तुमी?

तारा: इतक्या दिवसांत बोलायची सवयच गेली होती. मग म्हटलं, भाकरी टाकू का?

खुशालराव: काय म्हनली?

तारा: टाक, म्हणाली.