साठचा कंट्रोलर

आकडेमोडीत मला कोणी हरवत नाही, असं तुम्ही म्हणता ना? माझ्या बाबांनी हरवलंय.

दोडामार्गच्या घरी सोलर बसवायचं होतं. मी गोव्यात नोकरीला, म्हणून हिशेब फोनवरच केला. दीडशे वॅटचे दोन पॅनल म्हणजे तीनशे. बॅटरी बारा व्होल्टची, म्हणून भागिले बारा, पंचवीस अँपिअर. वर पाच जास्तीचे धरले. पॅनलची वीज बॅटरीत बेताने सोडणारा चार्ज कंट्रोलर तीस अँपिअरचा घ्यायचा, विषय संपला.

बाबा म्हणाले, "साठचो घेतंय."

"बाबानू, पॅनल किती, ता बघून कंट्रोलर घेतत. आपले दोनच आसत ना?"

"चार धर."

"बाकीचे दोन खंय आसत?"

"तू बायको-पोरांका घेवन हय ऱ्हवाक इलंस काय लागतले."

मी चिडलो. माझं गोव्यातच बरं चाललंय, परत यायचा विचार नाही, हे स्पष्ट सांगून टाकलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि साठचाच आणला. अंगणातलं स्टँडही चार पॅनलचं करून घेतलं.

मे महिन्यात गेलो, तर स्टँडच्या रिकाम्या अर्ध्यावर पत्रा टाकून आईने कोकमाची सोलं वाळत घातलेली. मला जरा हायसं वाटलं.

म्हटलं, "बरा झाला, बाबानू. जागा कामाक इली."

बाबा पत्र्याकडे बघत म्हणाले, "बोल्ट मारूक नाय हा. नुसतो सुंभान बांधलो आसा. सोडूक वेळ लागूचो नाय."