तारखेतला दिवस

नाव व पत्ता वरच्या रकान्यात लिहिल्याप्रमाणे. वय ३४, व्यवसाय नोकरी. ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वृद्धांच्या शुश्रूषागृहात संगणकावर नोंदी ठेवण्याचे काम करते. घरी सासूबाई व मुलगी आहेत. मिळवती मी एकटीच आहे.

गेल्या आठवड्यात व्यवस्थापकांनी सांगितले की, मुख्य कार्यालयाला महिनावार आकडे हवेत, तारखांचा पसारा नको. त्यावरून मी दाखल, सुट्टी व मृत्यू या तारखांचे रकाने फक्त वर्ष आणि महिना दिसेल असे बदलले. संगणकात ही एक पायरी असते. ती मागे घेतली की पूर्ण तारीख परत दिसते, मूळ नोंद पुसली जात नाही. हे मी व्यवस्थापकांना तेव्हाच दाखवले होते.

आज अकराच्या सुमारास एक बाई आल्या. त्या शिवणकाम करतात. त्यांचे थोरले भाऊ आमच्याकडे होते, ते गेल्या महिन्यात वारले. भावाच्या मुलाने सगळे उरकल्यावर त्यांना कळवले. व्यवस्थापकांनी त्यांना नोंदीचा छापील उतारा दिला. त्यात मृत्यूपुढे वर्ष व महिना एवढेच होते.

बाई म्हणाल्या, "यात दिवस कुठाय? मी चौदा तारखेला दुपारी आले होते. झोपलेत म्हणून दारातनंच परत पाठवलंत. तेव्हा दादा होता की नव्हता, एवढंच सांगा."

व्यवस्थापक म्हणाले, "आमच्याकडे एवढंच असतं, बाई. उगाच डोकं खाऊ नका."

मी समोरच बसले होते. व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिले. मी पुढच्या नोंदी भरत राहिले.

बाईंनी टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकला. माझ्यामागच्या कपाटाची काच फुटली व एक तुकडा माझ्या डाव्या हाताला लागला. बाईंचा रोख माझ्यावर नव्हता. व्यवस्थापक पोलिसांना फोन करायला बाहेर गेले.

मी म्हटले, "थांबा मावशी," आणि ती पायरी मागे घेतली. तारीख चौदाच होती. मी ती वाचून दाखवली.

त्यांनी विचारले, "दुपारच्या आधी की नंतर?"

वेळेचा रकाना आमच्याकडे नाही. म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या सिस्टरना बोलावले. त्या म्हणाल्या, "संध्याकाळी गेले हो. दुपारी चांगले जागे होते. दाढी करून घेतली, खुर्ची खिडकीशी लावायला लावली. सारखं आपलं, 'आमचं शेंडेफळ आलं का?' मी म्हटलं, येतील, येतील."

बाई "बरं" म्हणाल्या व खाली बसल्या. मग त्यांना माझा हात दिसला. त्यांनी पिशवीतली कापडाची पट्टी काढून बांधली व "घट्ट झालं का गं?" असे विचारले. तेवढ्यात आपले हवालदार आले. त्यांच्यादेखत व्यवस्थापक मला म्हणाले, "तुमचं उद्या बघतो."

माझी बाईंविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. दवाखान्यात जाण्याइतकी जखम नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'आरोपी महिला' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'मयताची बहीण' असे केले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.