टँकची शेपटी

२०२३चा उन्हाळा. सुमेधाबाई लेकीकडे जर्मनीत वाल्डॉर्फला आल्या होत्या आणि कढीपत्त्यासाठी माती घेऊन दुकानाच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे एका मराठी सून-सासऱ्यांची जुंपली होती. सुनेच्या हातात स्विमिंग टँक साफ करणाऱ्या रोबोचं खोकं होतं.

"बाबा, आपला टँक स्वल्पविरामासारखा. मोठे रोबो शेपटीत अडकतात, हा वळतो. हाच घेऊ."

"नको. ब्रश आहे, मी आहे."

"शहात्तर वर्षांचे आहात तुम्ही! काल पायरीवरून घसरलात."

"पडलो का?"

"शेजारीण विचारते, सासऱ्यांना राबवायला आणलंस का?"

"तिला काय जातंय विचारायला! ऊर्मिला, तुम्ही दोघं ऑफिसला जाता. नातू असून ओजस माझ्याशी जर्मन बोलतो. टीव्ही जर्मन, शेजार जर्मन. सकाळी टँक घासला की वाटतं, आज काहीतरी केलं. तेही या डबड्याला देतेस?"

"म्हणजे मीच वाईट!"

"तसं म्हणालो मी? ते खोकं परत ठेव म्हणालो."

"बाबा, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. इथे कुणाला कळतंय!"

सुमेधाबाई मातीच्या पिशवीवरचं जर्मन वाचू लागल्या.

"बिटे!" काउंटरवरून पुढच्या गिऱ्हाइकाला हाक आली. सुनेनं खोकं पुढे सरकवलं.

पुढचं ऊर्मिलानंच पुढल्या वर्षी तिथल्या गणपतीत भेटल्यावर सुमेधाबाईंना सांगितलं. रोबो शेपटीतही छान वळत होता. ओजस शाळेतून आला की काठावर बसून तो बघायचा. बाबा मात्र तिकीट अलीकडचं करून आठवड्याभरात साताऱ्याला गेले, ते पुन्हा आले नाहीत.