पाठमोरा शिपाई

नाही नाही, आवाज बंदच ठेवा ताई. ते बटण पार शून्यावर न्या. इंग्रजीत बडबडतोय तो, बडबडू दे. तेव्हासुद्धा आम्ही त्याचा आवाज बंदच करायचो आणि माईक माझ्या हातात असायचा. म्हणून तर तुम्ही पुण्याहून हे टीव्ही-व्हिडिओचं एवढं धूड घेऊन मला शोधत आलात ना? देवगडात कोणीतरी सांगितलं असणार, जामसंड्यात जा, लढाईच्या गाडीवर बोलणारा दाजी अजून जिवंत आहे म्हणून. आहे. चहा घ्या. कधी नव्हे ती वीज आज सकाळपासून टिकलीय, एरवी पाव्हणा आला की जाते.

हां, हीच ती चित्रं. चव्वेचाळीस साली शेवटची बघितली, आज शहाऐंशी. बेचाळीस वर्षं. विलायतेत जपून ठेवली होती म्हणता? शाब्बास. आमच्याकडे माणसं जपून ठेवत नाहीत—असो. सरकारची मोटार होती, मागे वीज करायचं यंत्र, एक पडदा, दोन भोंगे. लढाई कशी जोरात चाललीय ते गावोगाव दाखवायचं आणि पोरं भरतीला न्यायची, एवढंच काम. इंग्रजी कोणाला कळतंय? साहेब म्हणाला, तू मॅट्रिक, तू बोल. मी बोललो. हे बघा, हे रणगाडे—इथे मी म्हणायचो, "ह्यो लोखंडाचो रेडो, खाता तेल आणि ओकता आग!" की हशा. ही वाळूच्या पोत्यांची तटबंदी आली की, "रेडीचो यशवंतगड पोत्यात भरून नेल्यानी रे!" पुन्हा हशा. मालवणी कळते तुम्हाला? थोडी? झील म्हणजे मुलगा, तेवढं लक्षात ठेवा. तेवढाच शब्द लागेल.

हे रोट्या भाजताहेत. बायकांना हे फार आवडायचं, मेल्यांना रोटी लाटता येते म्हणून. हा दाढी करतोय, आरसा झाडाला टांगून. आता चर येईल, लांबच लांब खणलेला, आणि त्याच्या काठावर—थांबवा! थांबवता येतं ना ह्यात? हां. हा. असाच राहू दे. पुढे नेऊ नका. काय म्हणता, फार वेळ थांबत नाही? आपोआप सुटतं? किती वेळानं? पाचेक मिनिटं. बरं. पाच मिनिटं पुष्कळ झाली.

हा बघा, चराच्या काठावर उकिडवा बसून ताट घासणारा. पाठमोरा. बनियन, खांदे, मानेवरचे बारीक केस, बस्स. ह्याच्यावर माझी गाडी चालायची ताई. गावात शिरलो की मी आधी देवळाजवळ, चहाच्या दुकानात विचारायचो, इथला कोण गेलाय सैन्यात? कोणीतरी गेलेला असायचाच. मग हा पडद्यावर आला की माईकवरून ओरडायचो, "ओळखलास? ह्यो तुमचो बाबली!" रेडीत हा बाबली. तळेऱ्यात हा राधाबाईचा धाकटा. अजून कुठे कुठे कोण, मला आता आठवत नाही. आठ-दहा आयांचा तरी झील झाला असेल हा. त्या उठून पुढे यायच्या, पडद्यासमोर बोटं मोडायच्या, मीठ-मिरच्या ओवाळायच्या—पडद्याला! आणि बाजूला उभी असलेली पोरं बघायची, अरे, आपला बाबली मजेत आहे, ताटभर जेवतोय. दुसऱ्या दिवशी चार-पाच जण भरतीला. साहेब खूश. खोटं? आता म्हणा खोटं. तेव्हा मला वाटायचं, कोणाचं काय जातंय, आईला दोन घटका बरं वाटतंय.

एकच अडचण होती, हा पुढे वळतो. ताट झटकतो, वळतो आणि हसतो. मग कसली आई फसणार? म्हणून मी पहिल्याच आठवड्यात ती दोन वीत फिल्म कातरीनं कापली आणि पुढचं मागचं चिकटवून टाकलं. साहेबाला पत्ता नाही. तुमच्या ह्या विलायतेतल्या प्रतीत मात्र तो वळणारच. तुकडा टाकून दिला. म्हणजे—नाही, टाकला नाही. तो तिथे आहे, पानाच्या डब्यात, चुन्याच्या डबीखाली. अधूनमधून उजेडाकडे धरून बघतो. कशाला बघतो, मलाही ठाऊक नाही. समोरचा दात अर्धा तुटलेला, मिशी बारीक, डाव्या भुवईवर खोक. माझ्या बापाचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, हा आठवतो.

आता तुम्ही हे संध्याकाळी शाळेत लावणार, सगळ्या गावासमोर, म्हणून सांगतोय. नाहीतर नर्मदेला—माझ्या बायकोला—सुद्धा कधी सांगितलं नाही, ती तशीच गेली. इथला बाळा म्हणून होता. माझ्या बरोबरीचा नाही, पाच-सहा वर्षांनी लहान. वर्ष झालं होतं लग्नाला. आमची गाडी शिमग्याला इथे आली, त्यानं खेळ बघितला, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारायला आला—"दाजी, जाव काय रे?" मी काय म्हणालो असेन? माझं कामच ते. म्हटलं, जा, बिनधास्त जा. गेला. ब्रह्मदेशात. पुढच्या आषाढात त्याच्या आईला, हौसाबाईला, तार आली. वाचणार कोण? मीच. इंग्रजीत होतं, बेपत्ता. मी म्हटलं, "हौसाकाकी, बाळा सापडना नाय असा लिवलानी." ती म्हणाली, "सापडना नाय म्हणजे सोधतत मां?" मी म्हटलं, होय, सोधतत.

तेवढ्यावर राहिलं असतं तर पुढे हळूहळू कळलं असतं तिला. कळतंच माणसाला. पण कार्तिकात आमची गाडी पुन्हा इथे आली. हौसाबाई अगदी पुढे, सुनेला घेऊन. मी ठरवलं होतं ताई, शपथ घेतो, की आज ह्या शिपायावर गप्प राहायचं. तो आला, बसला, ताट घासायला लागला. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "दाजी, ह्यो कोण ता सांग मरे!" आणि तोंडाला सवय. बाकी काही नाही, सवय. "ओळखलास? ह्यो आमचो बाळा!" हौसाबाई उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. नुसती सुनेचा हात धरून उभी. मला लाज वाटली? तुम्हाला वाटेल वाटली असेल. नाही. काहीच वाटलं नाही. मी पुढचं विमान आलं त्यावर बोलायला लागलो. अजूनही काही वाटत नाही, हे सांगताना. दात काढलेल्या जागी जीभ फिरवावी तसं आहे.

लढाई संपली. बाळा आला नाही. बारा वर्षं झाली तेव्हा भटजी म्हणाले, आता दर्भाचा पुतळा करून दहन करू या, त्याचा आत्मा तरी मोकळा होईल, आणि सुनेनं कुंकू पुसावं. हौसाबाईनं भटजींना अंगणातूनच परत पाठवलं. "तारेच्या मागसून मी माझ्या झिलाक ताट घासताना बघलंय. दाजीन दाखवल्यान. पुतळो कोणाचो जाळतास?" त्याच्याही आधी सुनेचा भाऊ आला होता, तळेऱ्याला एक चांगला माणूस होता, म्हणाला पाट लावू. ती म्हणाली, घोव जितो आसताना? तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेल. भाऊ माझ्याकडे आला, तुमी सांगा दाजी, तुमचा ऐकतली. मी म्हटलं, बघू. बघू म्हटलं आणि बागेत कलमांना पाणी घालायला गेलो.

हौसाबाई मेली. सून आहे. तुळसा. ह्या दगडी गडग्यापलीकडे दिसतंय ते तिचं घर. अजून कुंकू लावते, अजून वटपौर्णिमेचा उपास धरते, वडाला सूत गुंडाळते. साठीला आली. मला भेटली की दर वेळी एकच, "दाजीनू, तुमी दाखवलात म्हणान मी जितंय." काल तुमची गाडी आली, तेव्हापासून तिला कोणीतरी सांगितलंय की लढाईची चित्रं आली. म्हणून विनवतो ताई, संध्याकाळी एवढं एक चित्र वगळा. तुमच्या ह्या यंत्राला पुढे पळवायचं बटण असेलच. मी माईक घेतो, पूर्वीसारखं बोलतो, लोक हसतील, तुमचं काम होईल. आणि ताट घासणारा आला की तुम्ही—

कोण? तुळसा? ये गो, ये. आत्ताच कशी आलंस, शाळेत संध्याकाळी आसा. नाही ताई, बसू द्या तिला, खुर्ची नको, ती खालीच बसते. सुरंगीचो वळेसर माळून इलंस की. होय. होय गो, तोच. तोच तो, थांबवून ठेवलाय. बघ पोटभर. ताई, बंद करा आता, हळूच. बटण कुठलं? हे? हे नव्हे? हलला तो. ताई, हलला! पाच मिनिटं म्हणाला होतात ना? तुळसा, हकडे बघ, चाय घेतंस? हकडे बघ गो—

वळला.

हसतोय. तसाच. तुटका दात.

काय? काय म्हणतंस?

ऐकलंत ताई, काय विचारते? रडत नाही, ओरडत नाही. पदर सारखा केला आणि विचारते, "ह्यो कोण, दाजीनू?"

मला नाव ठाऊक नाही त्याचं.

बंद करा ते. वायरी काढा. संध्याकाळी काय दाखवायचं ते दाखवा, मी येणार नाही. चहा राहू द्या तिथेच. जा तुम्ही.