न तुटलेल्या धाग्याची घंटा

टण्! टण्! टण्!… कापडगिरणीत होतो ना मी, तुम्हाला सांगतो, माझ्या मागावर एक घंटा होती, धागा तुटला की वाजायची, आणि न तुटला तरी वाजायची! मुकादम धावत यायचा, "काय तोडलंस रे?" अहो, काही नाही! चूक नव्हे हो, नुसता संशय! शिव्या मात्र खऱ्या.

निवृत्त झालो, वाटलं सुटलो… तर तीच घंटा घरात, जेवणाच्या टेबलावर! आमची सूनबाई तिथे बसून प्रोग्रॅम लिहिते. परवा कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, या धाग्यांनी छळलंय." मी चष्मा पुसत उठलो, "कुठे तुटलाय? दाखव, गाठ मारतो." हसली बिचारी. तेवढंच हसली. त्यांच्यात म्हणे एकाच वेळी कामाला जुंपलेल्या हातांना धागे म्हणतात!

"बाबा, समजा हजार माणसं, हजार खुर्च्या, आणि शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम बसायचं. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर वेगळी खुर्ची. पण प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर चिठ्ठ्या वाचतच नाही, नुसता ओरडतो, दोघं एकाच खुर्चीवर बसतील, कदाचित!"

कदाचित! अहो, कदाचित मी उद्या नाचेनसुद्धा, गुडघ्यांना विचारलंय का कुणी? चूक नव्हे हो, नुसता संशय! पण तिचा साहेब… फोनवर आवाज असा की साखर लाजेल, "मॅडम, पटतं हो तुमचं, पण मला स्क्रीन स्वच्छ हवी. कंपायलरचा एक जरी इशारा दिसला, तर पक्क्या नोकरीचं विसरा."

"सर, इशारा खोटा आहे!"

"खोटा असला तरी दिसतो ना?"

घ्या! मग काय करणार पोरगी? हजार माणसांची रांग लावली, एक बसला की मग दुसरा. कंपायलर गप्प! आणि साहेब? "वा, स्क्रीन लख्ख! पण मॅडम, हा प्रोग्रॅम चालतोय की रांगतोय? सगळ्यांना एकदम कामाला लावणं तुम्हाला जमत नाही, असं दिसतंय. मी दुसऱ्याला देतो."

त्या दुसऱ्यानं काय केलं असेल, सांगा? हिचाच, रांग लावण्याआधीचा जुना प्रोग्रॅम उचलला, एक अक्षर बदललं नाही, आणि इशारे दाखवायचेच बंद करून टाकले! घंटेला चिंधी बांधली हो! आज साहेबानं सगळ्यांसमोर फोनवर त्याची पाठ थोपटली, "याला म्हणतात हुशारी! ही पक्की जागा याचीच." आणि हिला? "मॅडम, शिका जरा."

सूनबाई स्क्रीनकडे बघत बसलेली. मला बोलता कुठे येतं, पण राहवेना. डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे गं पोरी, मन लहान करू नकोस… शेवटी पास तर तुझाच प्रोग्रॅम झाला ना!"

तिनं माझा हात हळूच बाजूला केला, पायांत चपला सरकवल्या आणि दार उघडून निघून गेली.